सोड म्हणजे काय सोड?

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी काही सांगितलं की ती ते आधी परत म्हणते आणि मगच करते. ‘दार लाव’ म्हटलं की ‘दार लावते’. ‘पंखा बंद कर’ म्हटलं की ‘पंखा बंद करते’. नवीन माणसाला वाटतं, ही आपली चेष्टा करतेय. भाऊजी तिला मैनाबाई म्हणतात, आणि घरी कुणी आलं की ठरलेलं वाक्य ऐकवतात, “आमच्याकडे सगळं दोनदा बोललं जातं, म्हणून मूल एकावरच भागलं!” ते एक मूल, म्हणजे माझी भाची, हा विनोद ऐकून ऐकून विटली आहे. तिनंच मला गळ घातली की मामा, त्या दिवशी तू तिथं होतास, तर काय झालं ते नीट लिहून दे. आई काही सांगत नाही आणि बाबा दर वेळी वेगळंच सांगतात. मला लिहायची सवय नाही. काही मागंपुढं झालं असेल तर ते माझ्या डोक्यातलं आहे, ताईचा त्यात दोष नाही.

ताईनं सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. सर्जनच्या उजव्या हाताला उभं राहायचं आणि मागतील ते हातात द्यायचं, हे तिचं काम. तिथं ज्या मोठ्या सिस्टरनं तिला शिकवलं, तिचा एकच कायदा होता. मागितलेल्या वस्तूचं नाव आपल्या तोंडानं उच्चारल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले ‘कात्री’, की आपण म्हणायचं ‘कात्री’. नुसतं ‘दे’ म्हणाले, तर विचारायचं ‘काय देऊ?’. ते चिडले तरी विचारायचं. एक सर्जन खरंच चिडायचे. “सिस्टर, मी बोलतोय का तुम्ही बोलताय?” असं भर ऑपरेशनमध्ये ओरडले होते म्हणे. पुढं एकदा त्यांनी एका औषधाऐवजी तसंच ऐकू येणाऱ्या दुसऱ्या औषधाचं नाव घेतलं. ताईनं ते परत म्हणून दाखवलं आणि हात पुढं केलाच नाही. मग त्यांनी बरोबर नाव घेतलं. त्यानंतर ते कधी ओरडले नाहीत. ताईनं ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही भांडी पुसता पुसता.

भाऊजींचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. सोनाराच्या काट्यापासून गोदामातल्या मोठ्या काट्यापर्यंत सगळे त्यांनी उघडलेत. हात चांगला आहे, पण त्या हातावर त्यांचा विश्वास जरा जास्तच आहे. “काट्यातला स्क्रू काय आणि गाडीतला बोल्ट काय, आटे तेच,” असं ते म्हणतात. त्यामुळे त्यांच्या जुन्या गाडीला परका हात लागलेला त्यांना चालत नाही. घराच्या बाजूला, भिंत आणि स्वयंपाकघराची पायरी यांच्यामध्ये गाडी जेमतेम मावेल एवढी फरशी आहे. तेच त्यांचं गॅरेज.

त्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा गाडीचं पुढचं एक चाक काढलेलं होतं आणि तो कोपरा जॅकवर उचललेला होता. जॅक उभ्या बाटलीसारखा, तेलावर चालणारा. हँडल खालीवर केलं की गाडी वर जाते, आणि बुडाशी असलेली छोटी किल्ली फिरवली की तेल मागं फिरतं आणि गाडी खाली येते. भाऊजी अर्धे गाडीखाली होते, पाय तेवढे बाहेर. ताई पायरीवर उभी होती. तिच्या हातात फडकं होतं आणि ती ते पिळत होती. फडकं कोरडं होतं.

“ये,” ती मला म्हणाली. “तू तरी सांग यांना.”

“काय झालं?”

“बोल्ट तुटलाय,” खालून आवाज आला. “डोकं गेलं, धड आत राहिलं.”

चाकाला खालून धरून ठेवणारा एक दांडा असतो, तो बदलायचा होता. त्याचा बोल्ट गंजून बसलेला. भाऊजींनी पान्यावर अंगाचा भार टाकला आणि बोल्टचं डोकंच निखळून आलं. आता बोटाच्या पेरापेक्षा थोडा जास्त तुकडा बाहेर होता, बाकीचा लोखंडात रुतलेला.

“मेकॅनिकला बोलावू या,” मी म्हणालो.

“हो का! आणि तो काय करणार? मी करतोय तेच करणार आणि वर शहाणपण शिकवणार.”

ताई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “अरे, गाडीखालून काढलेली माणसं आमच्याकडे यायची. एकाच्या छातीवर...” ती थांबली. “एक तर टेबलावर घेईपर्यंत माझ्याशी बोलत होता. चांगला बोलत होता.”

मी त्या पायांकडे बघितलं. आत असलेल्या माणसाचा जीव एका बाटलीभर तेलावर होता, आणि तो माणूस खाली शीळ घालत होता.

“अहो,” ताई वाकून म्हणाली, “निदान खाली काहीतरी सरकवा. जॅक गेला तर?”

“जॅक आहे ना.”

“जॅक आहे. आणि जॅक गेला तर?”

“जॅक कुठं जातोय? बाजारात?”

तिनं वाद घातला नाही. भिंतीला टेकवून ठेवलेलं चाक तिनं आडवं पाडलं आणि मला म्हणाली, “धर.” आम्ही दोघांनी ते दाराच्या खालच्या पत्र्याखाली सरकवलं. भाऊजी कुरकुरले. चाक त्यांच्या कोपराला लागत होतं, म्हणून त्यांनी ते आतून ढकलून थोडं बाहेर सारलं. ताईनं पुन्हा आत सारलं. त्यांनी पुन्हा बाहेर ढकललं. शेवटी ते निम्मंशिम्मं तिथं राहिलं.

बोल्टच्या तुकड्याला भाऊजींनी तेल पाजलं होतं, हातोडीनं ठोकून बघितलं होतं, पकडीनं धरून पिरगाळलं होतं. पकड घसरून त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मग त्यांनी कानशीनं तुकडा दोन बाजूंनी सपाट केला, म्हणजे पाना बसेल. पाना बसला. पान्याच्या दांडीवर एक लांब पाइप चढवला, म्हणजे जोर मिळेल. पाइपाचं टोक बाहेर माझ्या हातात. आत भाऊजी पाना दोन्ही हातांनी तुकड्यावर दाबून धरणार आणि बाहेरून मी पाइप हलवणार.

“एकदम जोर लावायचा नाही,” ते खालून म्हणाले. “आधी थोडा आवळायचा, मग थोडा सोडायचा. आवळ, सोड, आवळ, सोड. गंज असा फोडायचा असतो. हिसका दिलास तर आहे तोही तुकडा जाईल.”

“बरं.”

“आणि तू गं, जॅकपाशी बस. गाडीचा भार बोल्टवर येतोय. सांगेन तेव्हा किल्ली फिरव.”

ताई जॅकपाशी उकिडवी बसली. मला तिचा चेहरा दिसत होता. थिएटरमध्ये ती कशी दिसत असेल ते मी कधी बघितलं नव्हतं, पण तेव्हा नक्कीच अशी दिसत नसणार. ओठ पांढरे पडले होते.

“जॅक जरा सोड.”

“जॅक सोडते,” ताई म्हणाली.

“अगं, सोड म्हटलं ना!”

“जॅक किती सोडू?”

“केसभर.”

“केसभर.” तिनं किल्ली इतकी हळू फिरवली की मला ती फिरलेली दिसलीच नाही. गाडी किंचित खाली बसली. तिनं लगेच किल्ली आवळली.

“आवळली,” ती म्हणाली. “किल्ली आवळली.”

खालून भाऊजी वैतागले. “मैनाबाई, हे काय ऑपरेशन टेबल आहे? मी दोन शब्द बोललो की तुझे चार. माझं लक्ष इकडे की तिकडे? एका शब्दात बोल, नाहीतर बोलूच नको.”

तसं पाहिलं तर नवरा-बायकोत असली बोलणी रोजचीच, आणि त्या घरात तर जास्तच. पण तिनं मान खाली घातलेली मला दिसली.

“हं, आवळ,” भाऊजी म्हणाले. मी पाइप खाली दाबला. काही हललं नाही.

“सोड.” मी पाइप वर उचलला. काही नाही.

“आवळ. सोड. आवळ.”

असं बराच वेळ चाललं. माझे तळवे घामानं ओले झाले, पाइप हातात फिरायला लागला. मधेच भाऊजी थांबायचे आणि नुसता श्वास ऐकू यायचा. थांबले की ताई मान वाकवून आत बघायची. एकदा तिनं हात लांब करून त्यांच्या पोटरीला लावला. ते म्हणाले, “गुदगुल्या करू नकोस,” आणि तिनं हात मागं घेतला. मी दोनदा म्हणणार होतो की राहू द्या आता, बाहेर या. का कोण जाणे, म्हटलं नाही. त्यांच्यापुढं माझा शब्द कधी चालला नाही हे खरं, पण म्हणायला काय हरकत होती?

“सोड.”

त्या वेळी आतून किंकाळीसारखा आवाज आला. ताई उभीच राहिली. पण ती किंकाळी लोखंडाची होती. गंज फुटला होता, बोल्ट फिरला होता.

“फिरला!” भाऊजी ओरडले. “फिरला लेकाचा! सोड, सोड, सोड!”

मी पाइप वर वर नेला. तो चाकाच्या वरच्या पत्र्याला जाऊन अडला. आता पाइप काढून, पाना पुन्हा खालून बसवून, मग पुढची फेरी घ्यायची होती. मी पाइप ओढून काढला आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. आत भाऊजींनी पाना काढून परत बसवल्याचा खट् असा आवाज आला. मी वाकलो, पाइपाचं तोंड पान्याच्या दांडीवर बसेना.

“सोड की!” खालून आवाज आला.

ताई तोवर पुन्हा खाली बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात मोकळा पाइप. तिचा हात जॅकच्या किल्लीवर. तिनं तोंड उघडलं, आणि मला आजही वाटतं, तिच्या जिभेवर पूर्ण वाक्य आलं होतं. पण तिला एका शब्दात बोलायला सांगितलेलं होतं.

“सोडू?” ती म्हणाली.

“हो! सोड!”

आणि तिनं किल्ली फिरवली.

गाडी पडली नाही. पडली असती तर आवाज झाला असता. ती नुसती खाली आली. जडशीळ माणूस खुर्चीत बसतो तशी, हलकेच, पण थांबायचं नाव न घेता. पत्रा चाकाच्या कडेवर टेकला, रबर दबलं, चाक थोडं तिरपं झालं, आणि तिथं थांबलं. खालून “अगं—” एवढाच शब्द आला. पुढचा आलाच नाही.

भाऊजींचा एक पाय फरशीवर एकदा घासला गेला. मग तोही थांबला.

मी पाइप टाकला आणि कुणाला तरी हाक मारायला धावलो. दोन पावलं गेलो असेन.

“पळू नकोस,” ताई म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मी थांबलो. ओरडली असती तर मी पळतच सुटलो असतो. “इथं ये. खाली बस. जॅकपाशी.”

ती फरशीवर पालथी झाली आणि जेवढं डोकं आत जाईल तेवढं घातलं. तिचा हात आत कुठं होता ते मला दिसत नव्हतं.

“अहो, बोलू नका,” ती आत सांगत होती. “मान हलवू नका. छोटा श्वास घ्या. छोटाच. छोटा. हं. ऐकू येत असेल तर डोळे मिटा.” मी जॅकपाशी जाऊन बसलो. “मिटले,” ताई म्हणाली. “डोळे मिटले. श्वास आहे. दांडा छातीवर आहे.”

तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता. आवाज मात्र सरळ माझ्या कानात येत होता.

“जॅकची किल्ली,” ती म्हणाली. “उजवीकडे. घट्ट आवळ.”

मी किल्ली धरली. तेलकट बोटांतून ती सटकली. पुन्हा धरली, आवळली.

“बोल,” ताई म्हणाली. “काय केलंस ते बोल.”

“किल्ली. उजवीकडे. आवळली.”

“घट्ट?”

“घट्ट.”

“आता जॅकचं हँडल. खालीवर. हळू. गाडी हलली की थांब आणि सांग.”

“हँडल. हळू.”

मी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, काही नाही. पुन्हा. जॅकचा खांब वर येत होता, पण तो गाडीला टेकायचा होता. मला वाटलं, मी किल्ली उलटी आवळली. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे की जॅकच्या? मी किल्लीकडे हात नेला.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली. तिला कसं कळलं? “हँडलच मार.”

खांब टेकला. लोखंड कुरकुरलं.

“टेकला!”

“आता फार हळू.”

मी एकदा दाबलं. गाडी उचलली गेली, आणि त्याच वेळी तिच्याखालचं ते तिरपं चाक सरकलं. फरशीवर रबर घासल्याचा आवाज झाला. ताई म्हणाली, “थांब!” मी हँडल तिथंच धरून ठेवलं. आता जॅक घसरला तर खाली झेलायला काहीच उरणार नव्हतं.

ताई उठली. पायरीपाशी एक बुटका बाक होता, त्यावर बसून ती भाजी निवडायची. तिनं तो उलटा केला, पत्र्याखाली मावेना. मग लाथ मारून तिनं त्याचा एक पाय मोडला. सत्तरीला आलेली बाई! दुसरा पाय मोडायला दोन लाथा लागल्या. सरकलेलं चाक तिनं परत आत ढकललं, फळी त्यावर आडवी सरकवली, वर पायांचे ठोकळे रचले, हातानं दाबून बघितले, आणि परत पालथी झाली.

“श्वास आहे,” ती म्हणाली. “हँडल. हळू.”

“हँडल. हळू.”

आधी काही दिसलं नाही. मग आतून एक लांबच लांब आवाज आला, हवा आत ओढल्याचा. विहिरीतून वर आलेला माणूस घेतो तसला तो श्वास होता. मी हँडल सोडलं नाही. मला रडू येत होतं आणि मी मारतच होतो.

“पुरे,” ताई म्हणाली. “हात काढ. किल्लीला हात लावू नकोस.”

“किल्लीला हात लावत नाही.”

तिनं त्यांना लगेच ओढलं नाही. आधी आतच विचारलं, “हाताची बोटं हलवा. आता पायाची.” पायाची बोटं हललेली मीच सांगितली. मग आम्ही दोघांनी त्यांच्या खाली घातलेलं पोतं धरून, पोत्यासकट त्यांना हळूहळू बाहेर घेतलं. तोंड राखेसारखं, डोळे लाल, कपाळावर तेल. ते ताईकडे बघत राहिले.

“सोड...” ते म्हणाले. बोलताना दुखत होतं. “सोड म्हटलं ते... पाइपाला.”

“मग पाइप म्हणायचं होतं,” ताई म्हणाली.

ती उठली आणि पायरीवर जाऊन बसली. दात वाजत होते. मी अँब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, काय झालं. भाऊजी झोपल्या झोपल्या चटकन म्हणाले, “जॅक घसरला.”

“घसरला नाही,” ताई म्हणाली. “मी सोडला.”

“अगं...”

“मी सोडला, डॉक्टर. यांनी सोड म्हटलं, मी विचारलं, हे हो म्हणाले, मी सोडला.” डॉक्टरांनी लिहिणं थांबवून तिच्याकडे बघितलं आणि मग भाऊजींकडे. भाऊजींनी डोळे मिटले.

एका बरगडीला चीर होती, खांद्यावर काळंनिळं. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब.

भाऊजी घरी आले तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, आता सगळं पूर्ववत. पण ताई पूर्ववत झाली नाही. तिनं बोलणं सोडलं असं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. पण कुणी काही सांगितलं तर परत म्हणायची नाही. भाऊजी म्हणायचे, “उशी जरा वर कर.” ती उशी वर करायची, मुकाट्यानं. ते म्हणायचे, “खिडकी लाव,” ती लावायची. एकदा मी समोर असताना ते म्हणाले, “मैनाबाई, काय मागितलं मी?” ती म्हणाली, “पाणी,” आणि पाणी देऊन आत गेली. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “अरे, घरात कुणी नसल्यासारखं वाटतं.” त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. परत म्हणणं का थांबवलंस म्हणून विचारलं, तर ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, “मी बोलले म्हणूनच झालं ना? मी गप्प राहिले असते तर मी हातच लावला नसता. मी ‘सोडू’ म्हणाले. माझ्या तोंडातून गेलं ते. आता मला माझ्याच तोंडाची भीती वाटते.”

मी तिचं सांत्वन करायला हवं होतं, पण मला ते जमत नाही. मी डबे नीट लावून आलो.

गाडी तशीच उभी होती, भाचीनं मागवलेल्या, गाडीला खालून टेका देणाऱ्या लोखंडी घोड्यांवर. अर्धा फिरलेला बोल्ट आतच. शेवटी भाऊजींनीच, किती जिवावर आलं ते त्यांनाच माहीत, मेकॅनिकला बोलावलं. पोरसवदा नव्हता, चांगला चार मुलांचा बाप होता, पोट सुटलेला आणि गडबड्या. त्यानं घोडे हलवून बघितले, जॅक जास्तीचा लावला, पुठ्ठा अंथरला आणि आत सरकायला लागला. भाऊजी खुर्चीत होते, मी त्यांच्या शेजारी. ताई आत होती. पण त्याचं डोकं गाडीखाली गेलं तसं ती दारात आली. तिनं चौकट धरली. दोन्ही हातांनी.

“अहो भाऊ,” ती म्हणाली.

“काय ताई?”

“आत गेल्यावर बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. थांबू नका. मला दिसत नाही तुम्ही.”

तो हसला, पण तिचा चेहरा बघून हसू आवरलं. आत सरकला. “बोलायचं म्हणजे... बरं, आमच्या सासूबाईंचं सांगतो. त्यांचं आणि बायकोचं भांडण झालं, कशावरून तर पडद्यांवरून. सासूबाई म्हणाल्या, पडदे आखूड आहेत...”

पान्याचा आवाज. तो थांबला.

“बोला!” ताई ओरडली.

“बोलतोय, बोलतोय. आखूड आहेत म्हणाल्या. बायको म्हणाली, तुमची नजर लांब आहे. झालं! सासूबाईंनी पिशवी भरली आणि धाकट्या लेकीकडे निघाल्या. मी आडवा गेलो, तर मला म्हणतात, तुमचा काय संबंध?”

बोल्ट कुरकुरला. ताईचे डोळे मिटलेले होते. चौकटीवरची बोटं पांढरी होती. “हं,” ती म्हणाली. “तुमचा काय संबंध. मग?”

“मग काय, मी म्हटलं, पडदे मी आणलेत, माझाच तर संबंध! तर म्हणाल्या, माप कुणी घेतलं होतं... हां, आला, आला, हा बघा, हातानं फिरतोय आता...”

त्याचे पाय मागं सरकले, मग पोट, मग डोकं. तो उठून बसला. हातात गंजलेला, डोकं नसलेला बोल्ट. तो त्यानं भाऊजींच्या पुढ्यात धरला. भाऊजींनी तो घेतला नाही. ते ताईकडे बघत होते.

ताईनं डोळे उघडले. तो माणूस पूर्ण बाहेर आहे, दोन्ही पाय, दोन्ही हात, हे तिनं नीट बघून घेतलं. चौकट अजून सोडली नव्हती.

“मग?” ती म्हणाली. “गेल्या का धाकटीकडे?”

“कुठल्या जातायत!” मेकॅनिक बोल्ट पुसत म्हणाला. “खाली रिक्षा मिळाली नाही. आमच्याकडेच आहेत.”